मूठभर कोंड्याला घेतलेली

दगडाला घरात कोणी चांगलं म्हणायचं नाही, हा नियम मी घातला होता आणि तो मोडायची कोणाची बिशाद नव्हती.

दगडा म्हणजे माझी नात, सहादेवाची लेक. तिच्या आधी माझ्या सुनेला, छबूला, दोन मुलगे झाले. पहिला श्रीमंत. अंगानं असा भरलेला की येईल ती बाई त्याला उचलून घ्यायची, आणि मीही मूर्खासारखी एकेकीला त्याच्या मांड्यांच्या वळ्या दाखवायची. दीड वर्षाचा झाला आणि दोन दिवसांच्या तापात गेला. दुसऱ्याचं तर बारसंही झालं नाही. पाचवीच्या दिवशी मी चार बायांत म्हणाले, ह्याचं कपाळ बघा, हा गावाला हुकूम सोडणार. बारा दिवसांच्या आत तो गेला. दोन्ही वेळा कौतुक माझ्याच तोंडून झालं होतं. माझ्या तोंडाला भिऊन समोर कोणी काही बोललं नाही. पाणवठ्यावर काय बोलत असतील ते मला कळत होतं, कारण त्यांच्या जागी मी असते तर तेच बोलले असते.

तिसऱ्या खेपेला पोरगी झाली तेव्हा मी रीत केली. नाळ पडल्यावर तिला सुपात घातलं आणि घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या साळूबाईनं सापडली म्हणून उचलली. मी मूठभर कोंडा देऊन तिच्याकडून ती विकत घेतली आणि नाव ठेवलं दगडा. टाकून दिलेल्या पोरावर मरणाची नजर बसत नाही, असं आमच्याकडे मानतात. पण एवढ्यावर भागत नाही. पुढं रोज जपावं लागतं. कोणी म्हणालं, पोरगी गोड आहे, की आपण थुंकून म्हणायचं, "कुठली गोड, नुसतं ध्यान हाय."

पोर जगली. हे मी कोणालाही तोंडावर सांगेन.

चार वर्षांची असताना तिनं विहिरीवरून तांब्या भरून आणला. थेंब सांडला नव्हता. दोन्ही हातांत धरून, जीभ बाहेर काढून चालत आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हणाले, "निम्मं सांडलंस." तिनं तांब्यात वाकून बघितलं. पाणी काठोकाठ होतं. मग मागे वाटेकडे बघितलं, ओलं कुठे दिसतं का म्हणून. पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तिला ते पटलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिनं माझं खरं मानलं. मला त्या वेळी बरं वाटलं. म्हटलं, पोर ऐकण्यातली आहे.

आठव्या वर्षी तिनं पहिली भाकरी केली. कडा अशी की माझ्या हातची तशी येत नाही. मी दोन खाल्ल्या आणि म्हणाले, "चामड्याचा तळवा बरा." छबू चुलीपुढून उठून बाहेर गेली. तिला वाईट वाटलं असणार. मला वाटलं का, ते कोणी विचारलं नाही.

त्याच्या आधी एकदा दगडानं विचारलं होतं, "आज्जे, तू साळूआजीच्या पोरींना शानी म्हनती, मला का न्हाई म्हनत?"

मी खरं ते सांगितलं. "तुज्या भावांना चांगलं म्हनलं, म्हनून ते गेले. तुला कुनी चांगलं म्हनलं तर तू बी जाशील. कुनी इचारलं, तुला काय येतं, तर म्हनायचं, मला काय येत न्हाई."

ती बरं म्हणाली. सहा-सात वर्षांच्या पोरीनं अशा गोष्टीवर रडायला हवं होतं, निदान काही विचारायला हवं होतं. ती शेळीला पाला घालायला निघून गेली.

आमचं गाव कर्जतच्या अंगाला. शाळा चौथीपर्यंत. दिवाळीच्या तोंडाला सहादेव आणि छबू टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे, तिकडं पुणतांब्याकडं, कालव्याच्या भागात. दगडा माझ्याजवळ राहायची आणि शाळेत जायची. बाहत्तर साली ती चौथी पास झाली. त्याच्या आदल्या दोन्ही वर्षी पाऊस नावापुरता झाला होता. कणगी रिकामी होती आणि विहिरीत उतरून वाटीनं पाणी भरावं लागत होतं. सहादेव म्हणाला, "आये, येत्या साली दगडीला संगं न्हेतो. हितं तू काय खाशील आन् तिला काय घालशील? छबीला दिवस हायेत, फडात तिच्या हाताखाली कुनीतरी लागंल."

 फडात गेलेली पोरगी परत शाळेत आल्याचं मी पाहिलेलं नाही. एक साल पाचट गोळा करते, दुसऱ्या साली मोळ्या बांधते, तिसऱ्या साली टोळीतलाच कोणीतरी बघून तिचं लगीन लावून देतात.

त्याच आठवड्यात रंगनाथ मास्तर दारात आले. मी जात्यापाशी बसले होते, दळायला नव्हतं तरी.

"केशरकाकू, दगडाबाईबद्दल बोलायचंय."

"काय फोडलं तिनं?"

"फोडलं नाही, पुसलं," मास्तर म्हणाले. "सगळ्या वर्गात गणित तिचंच बरोबर येतं. मी पाटी बघायला जवळ गेलो की तळव्यानं पुसून टाकते. आधी वाटलं, चुकलं म्हणून पुसत असेल. काल मागून जाऊन पाहिलं. बरोबर होतं. तरी पुसलं. विचारलं तर म्हणते, मला काही येत नाही."

मी जात्याचा खुंटा उगाच घट्ट करत बसले.

मास्तरांनी सांगितलं की नगरला, शहराबाहेर सावेडीच्या रस्त्याला, मुलींचं एक वसतिगृह आहे. दुष्काळी भागातल्या दहा मुली यंदा फुकट घेणार. जेवण, कपडे, पाचवीपासून शाळा. तिथल्या बाई स्वतः प्रत्येक मुलीशी बोलतात. लिहून दाखवून भागत नाही, तोंडानं सांगावं लागतं.

"ती बोलंल का, काकू?"

"मला काय इचारता? तुमी मास्तर. चार वर्सं तुमच्याम्होरं बसली."

"माझ्यासमोर चार वर्षं बसली, तुमच्यासमोर अकरा," मास्तर म्हणाले. "पंधरा दिवस आहेत. रोज एक गोष्ट तिला चांगली म्हणा. खोटं म्हणू नका, जे चांगलं असेल तेवढंच. मग बघा."

"आन् तिला काय झालं तर तुमी भरून देनार का?"

मास्तरांना आमच्या घरातली दोन मुलांची गोष्ट माहीत होती. ते खाली बघत म्हणाले, "काकू, ते तापानं गेले."

एखाद्यानं माझ्या दारात येऊन असं बोलावं आणि धड परत जावं, असं आधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

दोन दिवस मी शेळीवर सराव केला. हसू नका. शेळीला मी वाट्टेल ते म्हणत होते, माझी राणी, माझी लक्ष्मी, दुधाची खाण. जीभ अडत नव्हती. साळूबाई कुंपणावरून म्हणाली, "केशरे, शेळीला बघायला पावणे येनार हायेत का काय?" मी तिला काय म्हणाले ते सांगण्यासारखं नाही. पण दगडा समोर आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती. मी तिच्या पाठीमागून म्हणाले, "चांगली झाली भाकर."

थापणारा हात थांबला. ती वळली नाही. पीठ वाळेपर्यंत हात तसाच परातीत राहिला. मग तिनं ती भाकरी मोडली, पुन्हा गोळा केला आणि चुलीच्या बाजूला ठेवून दिला. त्या दिवशी ती जेवली नाही. मी म्हटलं, नवीन आहे, सवय होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती. विहिरीवर नव्हती, साळूबाईकडे नव्हती. दुष्काळात विहिरी खोल गेलेल्या, कडा ढासळलेल्या.  छबू मोठ्यानं हाका मारत गावभर फिरली. शेवटी मी घरामागे गेले तर ती उकिरड्यावर बसली होती. सूप शेजारी ठेवलं होतं. त्यात मावणार नाही हे तिला कळलं असणार, म्हणून पाय नुसते सुपात घातले होते. अंगाला राख लागली होती.

"हितं काय करती?"

"साळूआजीला बोलीव," ती म्हणाली. "मला परत इकत घे."

मी हसले. मला काय करावं सुचलं नाही म्हणून हसले.

"आज्जे, तू काल चांगलं म्हनलीस. मला रातभर ताप आलाय. बघ."

मी हात लावून बघितलं. ताप नव्हता. अंग गार होतं आणि थरथरत होतं. मी म्हणाले, "अगं, ते समदं खोटं असतं. मास्तर म्हनले, तुजे भाऊ तापानं गेले."

"ताप कशानं आला हुता?" तिनं विचारलं.

 तलाठ्याला, फौजदाराला, जावयाला गप्प केलेली बाई मी. अकरा वर्षांच्या पोरीपुढं उभी राहिले आणि उत्तर आलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही ते खोटं वाटत नव्हतं. मास्तर गेल्यापासून मी रोज उठून आधी तिचं कपाळ चाचपत होते.

मी साळूबाईला हाक मारली. तिनं दगडाला हाताला धरून उठवलं. घरात कोंडा उरला नव्हता, म्हणून मी चुलीतली मूठभर राख दिली. दगडा म्हणाली, राख चालत नाही. छबूनं शेळीच्या टोपल्यातून थोडा भुसा झटकून आणला. तो दिला. मग मी म्हणाले, "आली परत. कवडीच्या कामाची न्हाई, नुसतं खायला काळ." दगडानं श्वास सोडला. घरात गेली आणि कालची शिळी भाकरी मिठाशी खाऊन झोपली. दुपारपर्यंत झोपली.

पंधरा दिवसांचे चार दिवस असे गेले. बाकीचे अकरा मी तोंड मिटून काढले. वाईट बोलले नाही, चांगलंही बोलले नाही. ती माझ्याकडे पुन्हा पुन्हा बघायची, काहीतरी बोल म्हणून.

नगरला मी तिला घेऊन गेले. कर्जतहून एस.टी. सहादेव येतो म्हणाला, मी नको म्हणाले. माझ्यासारखं बोलणारं घरात दुसरं कोण होतं? वाटेत मी तिला समजावलं. "बाई इचारतील त्येवढं सांगायचं. तितं जेवायला मिळतं. पुस्तकं मिळत्यात."

"मी बराबर सांगितलं तर बाई चांगलं म्हनतील का?"

"म्हनतील की."

तिनं खिडकीबाहेर तोंड केलं. स्टँडपासून आम्ही चालतच गेलो. ती माझ्या लुगड्याचा पदर धरून चालत होती, लहानपणी धरायची तसा.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात तीसेक पोरी होत्या. कोणी पाढे म्हणत होती, कोणी रडत होती. दगडाचं नाव आलं तेव्हा आम्ही आत गेलो. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पांढरं पातळ, बोलणं मऊ. मला त्यांनी दाराशी खुर्ची दिली. मी भुईवर बसले.

बाईंनी दगडाला खडू दिला आणि फळ्यावर हिशेब करायला सांगितला. एका रांगेत बावीस झाडं, अशा सतरा रांगा, तर झाडं किती? दगडानं क्षणभर फळ्याकडे बघितलं आणि लिहून टाकलं, तीनशे चौऱ्याहत्तर. गुणाकार मांडलाही नाही. बाईंची मान खाली वहीत होती. त्यांनी वर बघितलं आणि त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "अरे वा. किती हुशार मुलगी आहे."

दगडानं आधी तळव्यानं फळा पुसला. मग माझ्याकडे बघितलं. मी काय करावं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. थुंकावं, आणि ते बोलावं. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी गप्प राहिले असते तर? मी अजून दिवसातून दहा वेळा हे स्वतःला विचारते. दोन श्वास मी गप्प राहिले, आणि मला श्रीमंतच्या मांड्यांच्या वळ्या दिसल्या.

"कुठली हुशार ओ बाई," मी म्हणाले. "नुसतं ध्यान हाय."

दगडाच्या तोंडावर रंग आला. बाईंच्या तोंडावरचा गेला.

त्यांनी वही मिटली. मग दगडाजवळ गेल्या, खाली वाकल्या. "बाळ, तुला इथं राहायचंय का? आजीकडे बघू नको. माझ्याकडे बघून सांग."

दगडा म्हणाली, "मला काय येत न्हाई. दुसरीला घ्या."

"येतं की. आत्ताच तर तू—"

"मला काय येत न्हाई."

बाई सरळ उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "आजी, मागच्या वर्षी दोन मुली मनाविरुद्ध ठेवल्या होत्या. एक नदीकडं पळाली होती, नशिबानं सापडली. जी स्वतः हो म्हणत नाही तिला मी घेऊ शकत नाही. बाहेर वीसजणी आहेत."

मग मी जे कोणापुढं केलं नाही ते केलं. उठले आणि बाईंचे हात धरले. जे अकरा वर्षं गिळलं होतं ते सगळं ओकले. "बाई, ही भरला तांब्या आनायची, थेंब सांडायची न्हाई. हिच्या हातची भाकर गावात कुनाला येत न्हाई. मास्तरांना इचारा, गणित हिचंच बराबर येतं. दोन सालं शेळीचं दूध हिनंच काढलं, एकदा बी लाथ खाल्ली न्हाई. मी आजारी हुते तवा आठ दिवस घर हिनं चालवलं. ही लई शानी हाय. माज्यापरास शानी हाय. हिच्यासारकी पोर—"

दगडा कान झाकून खाली बसली होती. मग उठली आणि टाचा उंचावून तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तोंड दाबून धरलं. हाताला खडूची चव होती. "आज्जे, नको," ती म्हणत होती. "आज्जे, गप."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मघाशी तुम्ही ध्यान म्हणालात. आता हे म्हणता. पोरीनं कोणतं खरं मानायचं?"

मला त्यांना सगळं सांगायचं होतं, सूप, कोंडा, दोन पोरं. पण तिनं माझं तोंड सोडलं नाही, आणि सोडलं तेव्हा पुढची पोरगी आत आली होती.

दसरा झाला आणि दगडा टोळीबरोबर गेली. पुणतांब्याकडं कालव्याला थोडं पाणी होतं, म्हणून थोडा ऊस होता. मास्तरांनी शाळेचा दाखला माझ्याजवळ आणून दिला. मी तो घेतला, आणि ते बसतील म्हणून घोंगडी टाकली, पण ते बसले नाहीत. छबूला फडातच मुलगा झाला. त्याचं नाव काय ठेवायचं ते सहादेवानं मला विचारायला माणूस पाठवला. मी निरोप दिला, तुमचं तुम्ही ठेवा.

चैत्रात ती सगळी परत आली. दगडा वीतभर वाढली होती, हातांना उसाच्या पानांनी चिरलेलं. बोलणं होतं तेवढंही राहिलं नव्हतं. पंधरा दिवसांनी टोळीचा मुकादम गोरक्षनाथ घरी आला, भावाच्या पोराचं स्थळ घेऊन.

"पोरगी लई गरीब हाय," तो सहादेवाला म्हणाला. "सा म्हयने फडात हुती, हिचा आवाज आमी ऐकला न्हाई. आजकाल अशी कुटं मिळती?"

सहादेव पाटावर बसून खाली बघत होता. त्यालाही बोलायची सवय नाही. त्याच्या वाटचं मीच बोलत आले होते.

"मुकादम, परवा निरोप देतो," मी म्हणाले. तो गेला तशी मी दगडाला समोर बसवलं. छबू लेकराला पाजत दाराआड होती.

"दगडे, तुला हे लगीन करायचं हाय का?"

ती भुईवरची काडी उचलून मोडत बसली.

"न्हाई म्हन," मी म्हणाले. "येवढंच म्हन. सादा न्हाई. फुडचं मी बगते. मुकादमाला मी वेशीपातूर पळवीन."

काडीचे चार तुकडे झाले.

"बरं, व्हय म्हन. व्हय म्हनलीस तरी चालंल. पन तुज्या तोंडानं म्हन."

तिनं वर बघितलं. तिला राग आला असता, ती रडली असती, तरी मी उठून नाचले असते. ती नुसती वाट बघत होती, मी सांगेन म्हणून. मी सांगितलं नाही. मीही बसून राहिले. ऊन उंबऱ्यापासून जात्यापर्यंत सरकलं. छबूनं आतून विचारलं, "आत्याबाई, काय ठरलं?"

बाहेर बायांची धावपळ सुरू झाली, पाण्याचा टँकर आला म्हणून. दगडानं घागर उचलली आणि माझ्याकडं बघत थांबली, जाऊ का म्हणून.

मी मान हलवली, तेव्हा ती गेली.